पीएचपी घरी शिकता येते; अडते ते भलतीकडेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरबसल्या वेबसाइट तयार करायला शिकण्याविषयी नुकताच एक लेख आला होता. वर्गाची फी न भरता, केवळ संगणक आणि इंटरनेट यांच्या बळावर वेब प्रोग्रॅमिंगची एखादी भाषा शिकता येते, हे त्यातील प्रतिपादन मला मान्य आहे. परंतु मराठी माध्यमातील मुले यात मागे पडतात ती इंग्रजी कच्चे असल्यामुळे, आणि मराठीत भरपूर व्हिडिओ निघाले की हा प्रश्न आपोआप सुटेल, असा जो निष्कर्ष लेखाच्या शेवटी काढला आहे, तो मला पटला नाही, म्हणून हे पत्र. मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. ग्रंथालयाची पुस्तकसूची सभासदांना घरून पाहता यावी, यासाठी पीएचपी ही भाषा मी कोणत्याही वर्गाला न जाता शिकलो आणि आमच्या अभ्यासिकेतील मुलामुलींना ती शिकताना गेली काही वर्षे जवळून पाहत आलो आहे. माझे निरीक्षण असे आहे की, नवशिक्या भाषेच्या नियमांपाशी फारसा अडत नाही. तो अडतो एररच्या संदेशापाशी, जुनाट झालेल्या पाठापाशी आणि आपल्याच मराठी मजकुरापाशी. आणि नेमक्या या जागी हाताला धरणारे मराठीत जवळजवळ काहीच नाही.

पीएचपीच का, असा प्रश्न कोणी विचारील, म्हणून थोडे सांगतो. रास्मुस लेरडॉर्फ यांनी स्वतःच्या वैयक्तिक पानासाठी लिहिलेली काही अवजारे ८ जून १९९५ रोजी सर्वांसाठी खुली केली, त्यातून ही भाषा वाढत गेली. एका माणसाच्या छोट्या गरजेतून जन्मल्यामुळे तिची सुरुवातही छोट्या गरजेपासून करता येते: वेबपाने ज्या खुणांच्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या साध्या पानामध्ये दोन ओळी घालायच्या आणि आजची तारीख छापून पाहायची, एवढ्याने पहिला धडा होतो. असंख्य मराठी अनुदिन्या (ब्लॉग) ज्या वर्डप्रेसवर चालतात ते, आणि मराठी विकिपीडिया ज्यावर उभा आहे ते मीडियाविकी, दोन्ही पीएचपीत लिहिलेली आहेत. कमी भाड्याच्या बहुतेक सर्व्हरवर ती आधीच बसवलेली मिळते, त्यामुळे गावातल्या पतसंस्थेला किंवा शाळेला एखादे काम करून देणे शिकणाऱ्याच्या आवाक्यात येते. शहरातील महाविद्यालयांत शिकणारी मंडळी ‘आता पीएचपी कोण शिकतो’ म्हणून नाक मुरडतात. त्यांना मुरडू द्यावे.

आमच्याकडे येणारी बहुतेक मुले एमएस-सीआयटी झालेली असतात, त्यामुळे फाइल, फोल्डर, टायपिंग यांची त्यांना भीती नसते. तरीही पहिल्या दिवशी एक गोष्ट हमखास घडते. मुलगा नोटपॅडमध्ये चार ओळी लिहितो, फाइल जतन करतो, तिच्यावर दोनदा क्लिक करतो, आणि समोर निकालाऐवजी त्याने लिहिलेला कोडच जसाच्या तसा उघडतो. कधी तर नोटपॅडने नावाच्या शेवटी गुपचूप ‘टीएक्सटी’ जोडलेले असते आणि विंडोज ते शेपूट लपवून ठेवते, त्यामुळे फाइल पीएचपीची दिसते पण असत नाही. बहुतेक पाठ या ठिकाणी ‘फाइल अमुक फोल्डरमध्ये टाका आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट टाइप करा’ एवढेच सांगून पुढे जातात. असे का करायचे, हे सांगत नाहीत. वास्तविक सगळ्यात आधी समजावून सांगायला हवे ते हेच, की ब्राउझरला पीएचपी अजिबात कळत नाही. ती सर्व्हर नावाच्या प्रोग्रॅमच्या हाताखाली चालते आणि ब्राउझरकडे पोहोचते ते तयार झालेले एचटीएमएल. चालू पानाचा सोर्स ब्राउझरमध्येच उघडून दाखवला आणि त्यात पीएचपीची एकही ओळ नाही हे मुलाने स्वतः पाहिले, की पुढचे पुष्कळ गैरसमज उगवतच नाहीत. सर्व्हर, डेटाबेस आणि पीएचपी एकत्र देणारा झॅम्पसारखा मोठा संच बसवण्याइतका संगणक चांगला नसेल तरी बिघडत नाही, कारण २०१२ साली आलेल्या ५.४ या आवृत्तीपासून सरावापुरता लहानसा सर्व्हर पीएचपीच्या आतच दिलेला आहे. ही माहिती नवशिक्यापर्यंत पोहोचत नाही, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. समजा, मुलीने सातव्या ओळीवर ‘इको’ ही छापण्याची आज्ञा लिहिली आणि शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला. आठव्या ओळीवर पुन्हा ‘इको’ने सुरू होणारी, अगदी निर्दोष आज्ञा आहे. पान उघडल्यावर संदेश येतो तो असा: ‘पार्स एरर, सिंटॅक्स एरर, अनएक्स्पेक्टेड टोकन इको, एक्स्पेक्टिंग स्वल्पविराम ऑर अर्धविराम, ऑन लाइन ८’. मुलगी आठवी ओळ पुन्हा पुन्हा वाचते. तिथे काहीच चुकलेले नसते. मग ती अवतरणचिन्हे बदलून पाहते, आज्ञा खोडून नव्याने लिहिते, आणि शेवटी संगणकातच काहीतरी बिघाड आहे, असे ठरवून मोकळी होते. प्रत्यक्षात त्या संदेशाने सगळे काही सांगितलेले आहे. ओळ कोठे संपली याच्याशी पीएचपीला कर्तव्य नसते. आज्ञा कोठे संपली हे ती अर्धविरामावरून ओळखते. सातवी आज्ञा संपल्याची खूण न मिळाल्यामुळे ती तशीच पुढे वाचत गेली, आणि जिथे स्वल्पविराम किंवा अर्धविराम यायला हवा होता तिथे ‘इको’ हा शब्द आडवा आला, तेव्हा कुठे तिने तक्रार केली. म्हणून ओळ क्रमांक चूक झाली त्या जागेचा नसून ती लक्षात आली त्या जागेचा असतो आणि शोध नेहमी तिथून मागे घ्यायचा असतो. महिरपी कंस बंद करायचा राहिला असेल तर हे अंतर आणखी वाढते, आणि फाइल संपली त्या ओळीचा क्रमांक मिळतो.

एवढे एकदा कोणी शेजारी बसून सांगितले, की मुले पुढच्या वेळी संदेश वाचू लागतात. त्यासाठी इंग्रजी किती लागते? ‘अपेक्षित’, ‘अनपेक्षित’, ‘अव्याख्यात’, ‘सापडले नाही’, ‘परवानगी नाही’ अशा अर्थाचे जेमतेम पंधरा-वीस शब्द. दहावीपर्यंत इंग्रजी शिकलेल्या मुलाला ते जड नाहीत. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलेसुद्धा हा संदेश न वाचताच पान बंद करतात, हे मी पाहिले आहे, त्यामुळे दोष माध्यमावर ढकलता येत नाही. लाल अक्षरात काही आले म्हणजे गुण कापले गेले, ही शाळेने लावलेली सवय त्यामागे आहे, असे माझे मत आहे. ज्या वाक्यात कारण आणि जागा दोन्ही दिलेली आहेत, ते वाक्य वाचण्याआधीच मूल खजील होते.

दुसरा नेहमीचा संदेश ‘अनडिफाइन्ड व्हेरिएबल’चा. व्हेरिएबल म्हणजे माहिती साठवून ठेवण्यासाठी आपण दिलेले नाव. याची एक तऱ्हा खास आपल्याकडची आहे. मुले व्हेरिएबलला मराठी नाव देतात आणि ते रोमन लिपीत लिहितात. मराठी शब्दाचे रोमन स्पेलिंग मात्र कोठेच ठरलेले नसते. ‘शीर्षक’ हा शब्द वरच्या भागात एका ‘आय’ने लिहिला जातो आणि खाली दोन ‘ई’ने, ‘वर्ग’च्या शेवटी एकदा ‘ए’ येतो, एकदा येत नाही. पीएचपीच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावे झाली. लहान-मोठ्या लिपीतला फरकही व्हेरिएबलच्या नावात धरला जातो, फंक्शनच्या (ठरावीक काम करून देणाऱ्या आज्ञेच्या) नावात धरला जात नाही, हे आणखी एक त्रांगडे. (डॉलर चिन्हापुढे देवनागरी नाव लिहिले तरी पीएचपीला चालते, पण दर शब्दाला कळफलक बदलण्याचा कंटाळा येतो, म्हणून कोणी तसे लिहीत नाही.) यावर मराठीत कोणी चार ओळी लिहिल्या असत्या, तर कितीतरी संध्याकाळी वाचल्या असत्या.

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत बसून प्रोग्रॅमिंग शिकण्याचा एक दुष्परिणाम असा, की मुले फंक्शनच्या याद्या करून पाठ करू लागतात. ही भाषा पाठांतराला दाद देत नाही, कारण ती कोणी एकाने एकाच बैठकीत आखलेली नाही. यादीत एखादी वस्तू आहे का, हे पाहणाऱ्या फंक्शनला आधी शोधायची वस्तू द्यावी लागते आणि मग यादी. मजकुरात एखादा शब्द कोठे आहे, हे सांगणाऱ्या फंक्शनला आधी मजकूर द्यावा लागतो आणि मग शब्द. याला कारण विचारू नये. वर्षानुवर्षे पीएचपीवर पोट भरणारी माणसेसुद्धा असल्या बाबतीत भाषेची अधिकृत माहितीपुस्तिका उघडून पाहतात. ही पुस्तिका इंटरनेटवर फुकट आहे, जपानी, फ्रेंच, स्पॅनिश अशा भाषांत तिचे अनुवाद आहेत, मराठीत नाही. तरीही तिच्यातील नमुन्याचा कोड वाचायला इंग्रजी फारसे लागत नाही, आणि ती उघडण्याची सवय लागणे म्हणजेच माझ्या मते शिक्षणाचा अर्धा भाग होय.

याच पुस्तिकेत प्रत्येक फंक्शनच्या पानावर, नावाच्या खालोखाल, ते पीएचपीच्या कोणकोणत्या आवृत्त्यांत आहे हे कंसात दिलेले असते. नवशिक्याची नजर तिकडे जात नाही, आणि सगळ्यात मोठा घोटाळा तिथेच होतो. मायएसक्यूएल डेटाबेसशी जोडणी करण्यासाठी पूर्वी जी फंक्शन्स वापरत, ती २०१३ साली आलेल्या ५.५ या आवृत्तीत कालबाह्य ठरवली गेली आणि डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ७.० या आवृत्तीतून काढूनच टाकली गेली. त्याला इतकी वर्षे लोटली, तरी ती शिकवणारे पाठ, झेरॉक्स नोट्स आणि व्हिडिओ आजही फिरत आहेत. शोधयंत्रात ते वर येतात, त्यांची दर्शकसंख्या मोठी असते आणि ती पाहूनच मुलांचा विश्वास बसतो. मुलगा आज घरी पीएचपी बसवतो ती आठव्या मालिकेतली असते. पाठात दाखवलेली ओळ तो अक्षरशः उतरवून घेतो आणि उत्तर मिळते: ‘कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन’. व्हिडिओत चालते आणि माझ्याकडे चालत नाही, याचा त्याने कोणता अर्थ लावावा? आपल्याला हे जमणारे नाही, असाच अर्थ तो लावतो. चूक त्याची नाही, पाठाचे वय झालेले आहे. हे एक वाक्य त्याच्या कानावर पडत नाही, म्हणून चांगली मुले या टप्प्यावर गळतात.

आवृत्ती बदलली की संदेशांचे शब्दही बदलतात. फॉर्ममधून न आलेला रकाना वाचायला गेले की पूर्वी ‘अनडिफाइन्ड इंडेक्स’ असे यायचे, आता ‘अनडिफाइन्ड अ‍ॅरे की’ असे येते, आणि जुनी सूचना आता इशाऱ्याच्या पायरीवर चढवलेली आहे. पाठात छापलेला संदेश पडद्यावर शोधणाऱ्याला तो सापडत नाही, तो याचमुळे.

पाठ जुना असला तरी चालतो तेव्हा धोका अधिक मोठा असतो. सभासदाचे नाव शोधण्याचा फॉर्म करायचा, तर जुने पाठ असे शिकवतात की रकान्यात टाइप केलेला मजकूर घ्यावा आणि तो सरळ डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत जोडून टाकावा. देशपांडे, कांबळे, शेख अशी नावे शोधून पाहिली तर फॉर्म झकास चालतो. मग वसईचा एखादा सभासद आपले नाव रोमन लिपीत लिहितो, ‘डी’नंतर वर अपॉस्ट्रॉफी देऊन ‘सोझा’, आणि सगळे कोलमडते. कारण डेटाबेसच्या आज्ञेत मजकूर कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे त्याच चिन्हाने दाखवले जाते, आणि नावातले चिन्ह मजकूर संपल्याची खूण ठरून उरलेली अक्षरे आज्ञेचा भाग म्हणून वाचली जातात. डिसोझा यांच्या हातून हे अजाणता घडते. हेतुपुरस्सर करणारा माणूस तोच रकाना वापरून सभासदांची सगळी माहिती बाहेर काढू शकतो किंवा पुसूनही टाकू शकतो. उपाय कठीण नाही. आज्ञा आधी वेगळी तयार करायची, मजकुराच्या जागी नुसती जागा राखून ठेवायची आणि मजकूर नंतर स्वतंत्रपणे द्यायचा; पीडीओ या पीएचपीतल्याच डेटाबेस-जोडणीच्या सोयीने हे तीन-चार ओळींत होते. पासवर्ड जपून ठेवण्याचे नीट फंक्शनही २०१३ पासून भाषेतच आहे. पण जुन्या पाठांत यातले काही नसते, आणि तसे पाठ गिरवून तयार झालेली मुले उद्या गावातल्या पतसंस्थेचे पान करून देणार आहेत, याची मला खरोखर काळजी वाटते.

आता मराठी मजकुराविषयी. याबाबतीत इंग्रजी पाठ आपल्याला मुळातच उपयोगी पडत नाहीत, कारण त्यांचे लेखक ज्या लिपीत विचार करतात तिच्यात हे प्रश्न उद्भवत नाहीत. आणि मराठी पाठ बहुधा इंग्रजी पाठांवरून बेतलेले असतात, त्यामुळे उदाहरणात नाव जॉनचे राम झाले तरी ते लिहिलेले असते रोमन लिपीतच. ‘पुस्तक’ या शब्दाची लांबी पीएचपीच्या नेहमीच्या फंक्शनला विचारली तर उत्तर १८ येते. वाचणाऱ्याला तीन अक्षरे दिसतात. संगणक प, उकार, स, हलन्त, त आणि क असे सहा घटक साठवतो आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक घटकाला तीन बाइट (साठवणीची लहान एकके) लागतात. ते फंक्शन बाइट मोजते, म्हणून अठरा. हे ठाऊक नसलेला शिकाऊ ‘नवीन पुस्तके’ या पानावर लांबलचक शीर्षक पन्नासाव्या स्थानी कापून पुढे तीन टिंबे देतो. सोळा घटकांचे अठ्ठेचाळीस बाइट होतात, सतराव्या घटकाचे तीनपैकी दोनच बाइट उरतात, आणि शीर्षकाच्या शेवटी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते. मल्टिबाइट नावाने ओळखली जाणारी वेगळी फंक्शन्स वापरली की हे प्रश्नचिन्ह जाते. तरीही कापणी हलन्तावर झाली तर ‘पुस्तक’चे ‘पुस्’ उरते, ते उरतेच. म्हणून शीर्षक कापायचे ते शब्दांमधल्या मोकळ्या जागेपाशी, असे आम्ही ठरवून टाकले आहे.

डेटाबेसमध्ये घातलेल्या मराठीची कथा याहून वाईट. मायएसक्यूएलच्या ८.० या आवृत्तीआधी, वेगळे काही सांगितले नाही तर टेबल लॅटिन लिपीपुरत्या संकेतात तयार होत असे. अशा टेबलात किंवा अशा जोडणीवरून मराठी मजकूर पाठवला तर तिथे ओळीने प्रश्नचिन्हे जाऊन बसू शकतात. ती नुसती दिसत नसतात, खरोखरच साठवलेली असतात. मूळ अक्षरे त्यातून परत मिळत नाहीत. शेकडो दाखल क्रमांकांपुढची शीर्षके टाइप करून झाल्यावर हे कळणे आणि पहिल्या पुस्तकालाच कळणे, यांत किती अंतर आहे हे देवघेव विभागात बसणाऱ्याला सांगायला नको.

आणखी एक प्रकार तर मराठी लिहिणाऱ्याच्याच वाट्याला येतो. जुन्या नोटपॅडमध्ये देवनागरी मजकूर असलेली फाइल यूटीएफ-८ म्हणून जतन केली, की ते फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटांची एक खूण ठेवून देत असे. ही खूण डोळ्यांना दिसत नाही. पण पीएचपीच्या लेखी पानाचा मजकूर तिथूनच सुरू झालेला असतो, आणि वाचकाला दुसऱ्या पानाकडे पाठवण्याची आज्ञा ही मजकूर सुरू होण्याआधीच द्यावी लागते. परिणामी ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ असा संदेश येतो आणि तोही पहिल्या ओळीकडे बोट दाखवून, जिथे पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. घरच्या संगणकाच्या मांडणीमुळे हा दोष कधी झाकला जातो आणि पान भाड्याच्या सर्व्हरवर चढवल्यावर वर येतो. विंडोज १० च्या २०१९ मधील आवृत्तीपासून नोटपॅड ही खूण आपणहून घालत नाही, परंतु आमच्यासारख्या संस्थांतले संगणक नवे थोडेच असतात!

अकारविल्हे यादीचेही तसेच. साधी क्रमवारी युनिकोडने (सर्व लिप्यांच्या सामाईक संकेताने) प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांनुसार लागते, तिथे ‘ळ’ची जागा ‘ल’च्या लगेच नंतर आणि ‘व’च्या आधी आहे, ‘क्ष’ हा ‘क’मध्ये आणि ‘ज्ञ’ हा ‘ज’मध्ये जाऊन बसतो. शाळेत शिकलेली वर्णमाला डोक्यात ठेवून शेवटी ‘ज्ञ’ शोधणारा सभासद पुस्तक नाही समजून परत जातो. भाषेनुसार क्रम लावण्याची सोय पीएचपीच्या एका वेगळ्या विस्तारात आहे, आणि तो बहुधा मुद्दाम चालू करावा लागतो.

मराठीत शिकण्याचे साहित्य मुळीच नाही, अशी माझी तक्रार नाही. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरवरचे कितीतरी पाठ मराठी आवाजात उपलब्ध करून दिले आहेत, आणि पाठ ऐकता ऐकता शेजारच्या खिडकीत करून पाहायचे, ही त्यांची रीत एकट्याने शिकणाऱ्याला फार सोयीची आहे. अलीकडे मुले कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनाही मराठीतून विचारतात. त्यांना माझे सांगणे असते की, संदेशाचा अर्थ विचारा, तयार कोड मागू नका. स्वतः वाचता येत नाही असा कोड चालला काय आणि न चालला काय, दोन्ही सारखेच. आपल्याकडे पीएचपीची कोणती आवृत्ती आहे, हे प्रश्नातच लिहिले तर जुनाट उत्तर मिळण्याची शक्यता पुष्कळ कमी होते.

या पार्श्वभूमीवर आपल्याला माझी विनंती अशी आहे की, पुरवणीत आणखी एक ‘अमुक दिवसांत वेबसाइट’ छापाची लेखमाला सुरू करण्याऐवजी आठवड्याला अर्ध्या स्तंभाची जागा एकेका एररसाठी द्यावी. संदेश जसा पडद्यावर दिसतो तसा छापावा, तो कोणत्या ओळीकडे बोट दाखवतो आणि प्रत्यक्ष शोध कोठे घ्यायचा, हे सांगावे, आणि तो कोणत्या आवृत्तीचा आहे, हे शीर्षकातच द्यावे. मराठीत पाठ लिहिणाऱ्या आणि व्हिडिओ करणाऱ्या सर्वांनीही पाठाची तारीख आणि पीएचपीची आवृत्ती पहिल्याच ओळीत सांगावी. यासाठी काही खर्च येत नाही. राज्यात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेली ग्रंथालये गावोगावी आहेत. त्यांच्या अभ्यासिकेत संगणक असेल, तर त्यावर चालू आवृत्तीची पीएचपी बसवून ठेवणे एखाद्या दुपारचे काम आहे. मोबाइलवर शिकू पाहणाऱ्या, आणि दर डॉलर चिन्हासाठी व अर्धविरामासाठी कळफलकाचे पान उलटत बसणाऱ्या मुलांची त्याने मोठी सोय होईल.

आमच्या अभ्यासिकेतील संगणकाजवळ एक नोंदवही ठेवलेली आहे. कोणालाही एरर आली की त्याने संदेश, ओळ क्रमांक आणि नंतर सापडलेले कारण तिच्यात लिहायचे, असा रिवाज आहे; नवीन येणारा मुलगा हल्ली मला हाक मारण्याआधी ती वही चाळतो. सदर सुरू करण्याचे आपण ठरवल्यास या वहीच्या पानांच्या प्रती, लिहिणाऱ्यांची नावे वगळून, मी आपल्याकडे विनामूल्य पाठवीन. पहिल्या भागासाठी अर्धविरामाचा संदेश घ्यावा आणि दुसऱ्यासाठी डेटाबेसच्या जोडणीचा, कारण वहीत सर्वाधिक नोंदी या दोहोंच्याच आहेत.

आपला,
एक ग्रंथपाल, जि. सातारा